डावऱ्या हाताची बारव

सांभाळून उतरा. घाई करू नका. उजवा हात भिंतीला टेकवा आणि डावा माझ्या हातात द्या.

बाई, मी डावा हात पुढं केला तेव्हा तुम्ही आपला हात मागं घेतलात, ते मी पाहिलं. तुमचं काही चुकलं नाही. डाव्या हातानं कोणाला पाणी देऊ नये, पान-सुपारी देऊ नये, हे आपल्याला दात यायच्या आधीपासून शिकवतात. आमच्या खैरदरीतही तीच रीत आहे. वर गेल्यावर घरी चहा देईन तो उजव्याच हातानं. पण या बारवेत, या मधल्या नऊ पायऱ्यांवर, हात द्यायचा तो डावाच. भावानं भावाला बांधाच्या भांडणात कोर्टापर्यंत नेलेलं असलं तरी इथं दोघं समोर आले की एकानं डावा हात पुढं करायचा आणि दुसऱ्यानं तो धरायचा. वर गेल्यावर पुन्हा भांडा म्हणावं, नाही कोण म्हणतं!

हं. आता बसा या कोनाड्यात. इथं गार असतं.

वरून मोजत आला असाल तर पहिल्या तेरा पायऱ्या खरबरीत आहेत, पावलाला धरतात. त्यांच्या खालच्या या नऊ गुळगुळीत, पाय ठेवला की सरकतो. आणि याच्या खाली आणखी एकोणीस आहेत, त्या आत्ता पाण्यात आहेत म्हणून दिसत नाहीत. एकाच बारवेत असं का, हे येणारी शिकलेली माणसं विचारतात. कुठं लेख कोरलाय का, तेही विचारतात. लेख नाही. असता तरी मला अक्षर येत नाही. माझ्या बापानं सांगितलं ते मी सांगतो. त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. यात कोणी थोडं घातलं असेल, थोडं गाळलं असेल. पण पायऱ्या तुमच्या समोरच आहेत, हात लावून बघा.

सहा-सात पिढ्यांमागची गोष्ट, असं सांगतात. तेव्हा खैरदरीत पाणी नव्हतं. बाया कोसभर खाली ओढ्यावर जायच्या आणि चढण चढून घागरी आणायच्या. गावचा पाटील देवबा नावाचा, भला माणूस होता. त्यानं ठरवलं की गावात बारव खणायची. गावच्या माणसांनी दोन उन्हाळे खणलं, तेव्हा खाली काळ्या खडकाच्या फटीतून झरा लागला. आता बारव बांधायला पाथरवट हवा होता. पूर्वेकडं दोन दिवसांच्या वाटेवर पाथरवटांची वस्ती होती, तिथून एक जोडपं आलं. नवऱ्याचं नाव सटवाजी, बायकोचं राही.

सटवाजी डावरा होता. हातोडा डाव्या हातात, टाकी म्हणजे छिन्नी उजव्या हातात. लहानपणी बापानं त्यापायी त्याला फार मारलं म्हणे. जेवताना डावा हात पुढं आला की थोरला भाऊ लिंबाजी बापाच्या सांगण्यावरून तो हात सुतळीनं पाठीशी बांधायचा. तरी हातानं काही आपली बाजू सोडली नाही. पुढं कामाला लागल्यावर दुसरी अडचण. पाथरवट रांगेनं बसतात, सगळ्यांच्या कपच्या एका बाजूला उडतात. सटवाजीच्या उलट्या उडायच्या, शेजारच्याच्या तोंडावर. कोणी त्याच्या शेजारी बसायला तयार नाही. लग्न झाल्यावर राही बसायला लागली. ती टाकीला धार लावून द्यायची, चिरा हलायला लागला की पहार लावून धरायची, आणि कपच्या चुकवायला तिनं आपली मान कुठल्या बाजूला वळवायची ते बरोबर शिकून घेतलं होतं. चार वर्षांत एक कपची म्हणून तिला लागली नाही.

गावातल्या बायांना त्या दोघांचं मोठं नवल वाटायचं. म्हाळसा नावाची एक बाई होती, तोंडाची फटकळ, मनाची लोण्यासारखी. ती घागर घेऊन जाता जाता थांबायची आणि म्हणायची, "काय गं राही, नवरा दगडाशी बोलतोय का तुझ्याशी? दिवसभर दोघांची कुजबुज चाललीय."

राही म्हणायची, "दगडाशीच बोलतात. मला नुसतं ऐकू येतं."

"आणि हसतीस ती?"

"दगडाला हसू येत नाही ना काकू, कोणीतरी हसायला नको का?"

अशी ती दोघं. कामही तसंच होतं. बारव खालून वर बांधत यायची असते. झऱ्याचं पाणी मोटेनं उपसून सटवाजीनं तळाची पायरी बसवली आणि तिथून वर वर येत गेला. त्याच्या टाकीचे घाव डावीकडून तिरपे पडायचे, एकासारखा एक, ज्वारीच्या पेरणीच्या ओळी असाव्यात तसे. आणि खोल. अंगठ्याचं नख मुळापर्यंत घावात बसायचं. पायरीवर घाव खोल लागतो, कारण ओल्या पायाला तोच धरून ठेवतो. एकोणीस पायऱ्या त्यानं अशा बसवल्या.

मग पावसाळ्यात त्याला खोकला लागला. दगडाची धूळ छातीत बसते, पाथरवटाच्या घराला ते नवीन नाही. पण ते म्हातारपणी. सटवाजी पंचविशीतला. दसऱ्यानंतर ताप यायला लागला. तरी तो रोज उतरायचा. दोन घाव घालायचा आणि थांबायचा. राही म्हणायची, राहू द्या. तो म्हणायचा, एवढी एक पायरी. अशा एवढी एक, एवढी एक करत नऊ पायऱ्या झाल्या. घाव डावीकडूनच पडत होते, ओळही सरळ होती. जोर मात्र गेला होता. नख नुसतं अडकायचं, बसायचं नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांच्या वेळी तर हातोडा त्याच्या हातात आणि त्या हाताखाली राहीचा हात, असं काम झालं म्हणतात. पौषात तो गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिल्या त्या अठ्ठावीस पायऱ्या.

तेरावा झाला आणि थोरला भाऊ लिंबाजी आला. देवबा पाटलानं त्याला विचारलं, "पुढं कसं करायचं?"

आता इथं पाथरवटांची एक समजूत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांच्यात म्हणत, एका बारवेला एकच हात. एकाच्या टाकीचे घाव एका बाजूचे, दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूचे, असं झालं तर झरा रुसतो आणि पाणी उतरतं. खरं-खोटं देव जाणे. पण ज्या गावानं दोन उन्हाळे खडक फोडला आणि ज्याच्या बाया अजून ओढ्यावरून पाणी आणत होत्या, ते गाव असल्या बाबतीत उगीच धीट होत नाही.

लिंबाजी म्हणाला, "काम मी पुरं करतो. पण माझा हात उजवा. सटवाच्या सगळ्या पायऱ्यांवर मला माझी टाकी फिरवावी लागेल. पाणी उपसून तळापासून."

तो वाईट माणूस नव्हता बरं का.  पण रीत ती रीत.

राही ओसरीच्या कडेला पदर ओढून बसली होती. थोरल्या दिरापुढं बोलायची तिच्याकडं चाल नव्हती. चार वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. अंगणात एक अर्धवट घडवलेला चिरा पडला होता, सटवाजीनं हाती घेतलेला शेवटचा. ती त्या चिऱ्याकडं वळली आणि चिऱ्याला म्हणाली, "दगडा, एकच हात पाहिजे ना? मग तोच हात मी पुरा करते. डाव्या हातानं, त्यांच्यासारखी टाकी मारून. त्यांच्या पायऱ्यांना कोणी हात लावायचा नाही."

 लिंबाजीलाही भावजयीशी थेट बोलायची चोरी. तोही चिऱ्याकडं बघूनच म्हणाला, "दगडा, बाईमाणसानं आमच्यात कधी टाकी धरली आहे का? आणि ती उजव्या हाताची. डावा हात आणणार कुठून?"

"दगडा, चार वर्षं मी त्या हाताशेजारी बसले. जगात दुसरं कोण बसलंय?"

म्हाळसाकाकू मागं उभी होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं त्या दगडाला बिचाऱ्याला कशाला मध्ये घेता? पाटील, द्या पोरीला मुदत."

देवबानं आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत मुदत दिली. तोवर तिनं एक पायरी घडवून दाखवायची. लिंबाजीनं हात लावून म्हणायचं की हा सटवाचाच हात, तर बारव तिची. नाही तर त्यानं तळापासून टाकी फिरवायची. आणि काम होऊन पूजा होईपर्यंत बारवेतलं पाणी कोणी उपसायचं नाही, असं ठरलं.

राहीनं काय केलं ऐका. उजवा हात तिनं पदराच्या शेवानं कमरेला बांधला. भाकरी डाव्या हातानं थापायची, केर डाव्या हातानं काढायची, वेणी डाव्या हातानं. पहिले पंधरा दिवस भाकरी अशा झाल्या म्हणे की कुत्रंही हुंगून पुढं जायचं. टाकी धरायच्या वेळेपुरता उजवा हात सोडायची. हातोडा घसरून त्या हाताची बोटं ठेचली, नखं काळी पडली. आणि शिकायला गुरू कोण? तर पायऱ्या. रोज दुपारी ती बारवेत उतरायची, नवऱ्याच्या पायऱ्यांवर बोटं फिरवायची, घावाला घाव मोजायची, मग वर येऊन दगडावर तसंच करून बघायची.

गुढीपाडव्याला तिची पायरी झाली. मुदतीआधी महिनाभर. घाव डावीकडून, ओळ सरळ, कुठं एक केसभर फरक नाही. गाव जमलं. लिंबाजी खाली बसला, डोळे मिटले आणि चिऱ्यावरून पंजा फिरवला. एकदा, दोनदा.  मग चिऱ्यालाच म्हणाला, "दगडा, हात सटवाचाच आहे. खोटं बोलणार नाही. पण आजारी सटवाचा."

त्यानं अंगठ्याचं नख घावाला लावलं. नख नुसतं अडकलं. त्यानं पायरीवर घागरभर पाणी ओतलं आणि स्वतः अनवाणी पाय ठेवला, तो सर्रकन घसरला. म्हणाला, "अशा तेरा पायऱ्या वर चढवल्या तर गावच्या लेकीबाळी घागरीसकट तळाला जातील. मी हो म्हणू शकत नाही."

आणि चूक त्याच क्षणी राहीच्या ध्यानात आली. पूजा झालेली नव्हती म्हणून पाणी उपसलेलं नव्हतं. पाणी चढून बरोबर तळापासूनच्या एकोणिसाव्या पायरीच्या वर येऊन थांबलं होतं. पाण्याबाहेर होत्या त्या आजारपणातल्या नऊच. ती रोज दुपारी त्याच नऊ पायऱ्यांना हात लावत होती. अडीच महिने तिनं मन लावून आपल्या नवऱ्याचं आजारपण पाठ केलं होतं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अगं, चार वर्षं शेजारी बसलीस, धडधाकट हात तुला आठवला नाही का? नाही आठवला. असं होतं. माणूस वर्षभर अंथरुणाला खिळून गेला की मागच्यांच्या डोळ्यांपुढं तेच अंथरूण राहतं. तो पहिल्यांदा कसा चालत आला, कसा जेवायचा, कसा ओरडायचा, ते सगळं त्याच्याखाली बुडून जातं. राही त्या दिवशी घरी गेली आणि आठवायला बसली. आठवला तो खोकला. आठवली ती हाडं. दगडातून ठिणगी काढणारा माणूस काही केल्या दिसेना. तेव्हा मात्र ती रडली, असं म्हाळसाकाकूनं पुढं सांगितलं. नवरा गेला त्या दिवशी रडली नव्हती एवढी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बारवेवर आली ती काष्टा घट्ट मारून. म्हणाली, "मी पाण्यात उतरते. ते खाली आहेत."

बाया म्हणाल्या, "पोहता येतं का?"

"नाही."

"मग?"

"पायऱ्या आहेत ना. पायऱ्यांनी उतरते."

गावात कुजबुज झाली. पूजा न झालेलं पाणी, त्यात विधवा बाई उतरणार. देवबाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "उपसायचं नाही एवढंच ठरलंय. उतरायचं नाही असं मी कधी म्हणालो?" पाटील असावा तर असा.

पण उतरायचं कसं? पाण्याच्या तोंडाशी याच निसरड्या नऊ पायऱ्या. आणि पुढं पाण्यात एकटी बाई, पाय सुटला तर संपलं. तेव्हा म्हाळसाकाकू पुढं आली. उजव्या हातानं तिनं भिंतीतला हा दगड धरला, हा बघा, बाहेर आलेला. उजवा हात अडकला, म्हणून डावा राहीपुढं केला. म्हणाली, "धर. आता डावा-उजवा बघत बसू नकोस. तुझा नवरा डावरा, तू डावरी झालीस, आता गावालाही डावरं करून सोड." तिच्या मागं दुसरी बाई उभी राहिली, तिच्या मागं तिसरी. प्रत्येकीचा उजवा हात भिंतीला आणि डाव्या हातानं पुढचीला धरलेलं. अशी नऊ पायऱ्यांवर नऊ बायांची साखळी झाली. शेवटी राही. तिनं उजवा हात मागं म्हाळसाकाकूला दिला, डावा मोकळा ठेवला आणि पाण्यात पाय टाकला.

पहिली बुडी मारली आणि बोटं एकोणिसाव्या पायरीवर फिरवली. वर आली, दम खाल्ला. दुसरी बुडी, अठरावी पायरी. सोळावीपर्यंत गेली तेव्हा पाणी डोक्यावरून एक हात होतं. तिथं तिचं नख घावात गेलं आणि मुळापर्यंत बसलं. वर आली ती हसत. बायांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हाळसाकाकू घाबरून म्हणाली, "काय झालं गं?"

राही दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "काकू, ही पायरी बसवली त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, तुझ्या माहेरच्या बैलाला शिंगं जास्त का तुझ्या भावाला अक्कल कमी. मी विसरलेच होते."

बाया साखळीत उभ्या होत्या म्हणून बरं, नाही तर हसून सगळ्याच पाण्यात पडल्या असत्या.

त्या दिवसापासून रोज दुपारी असं चाललं. ओढ्यावरून घागरी आणून टाकायच्या आणि बायांनी इथं येऊन साखळी करायची. राही कमरेला दोर बांधून त्याचं टोक म्हाळसाकाकूच्या हातात द्यायची आणि रोज एक-एक पायरी खाली जायची. घाव मोजायची, नखानं खोली बघायची. आणि वर आली की तिला एकेक गोष्ट आठवलेली असायची. तो हातोडा उचलताना आधी खांदा मागं न्यायचा. घाव घालताना श्वास सोडायचा. चिरा चांगला बसला की टाकीनं त्यावर दोनदा टकटक करायचा, दारावर करावी तशी. कधी काही थट्टेचं आठवायचं. बाया त्यासाठीही येत असाव्यात. आमच्या म्हाताऱ्याचं म्हणणं होतं की त्या महिन्यात गावात सटवाजी जेवढा ओळखीचा झाला तेवढा तो जिवंतपणीही झाला नव्हता.

अकराव्या पायरीच्या खाली मात्र दम पुरेना. तिथून परत फिरावं लागलं. पण तेवढं पुरे होतं.

आखिती आली. राहीनं दुसरी पायरी घडवली होती. गाव पुन्हा जमलं. लिंबाजी आला, खाली बसला, डोळे मिटले. पंजा चिऱ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिला, फिरवलाच नाही. मग अंगठ्याचं नख घावात घातलं. ते मुळापर्यंत बसलं. त्यानं कोणाकडं पाहिलं नाही. चिऱ्यावर थाप मारली, भावाच्या पाठीवर मारावी तशी, आणि म्हणाला, "सट्या, लेका, बरा झालास का रं?"

एवढंच बोलला. डोळे मिटलेलेच होते, पण खालचा चिरा ओला झाला असं सांगतात.

मग तो उठला आणि पहिल्यांदा राहीकडं बघून बोलला. रीत-भात बाजूला ठेवून, तिच्या नावानं. "राही, बारव तुझी. चिरे मी उचलून देतो, पहार मी धरतो. फक्त एक ऐक. त्या मधल्या नऊ पायऱ्या निसरड्या आहेत. त्यांच्यावर एकदा तुझी टाकी फिरव. तोच हात, तीच बाजू, नुसते घाव खोल कर. कोणाला कळायचंही नाही."

बोलणं बरोबर होतं. गावालाही पटलं. राहीनंही लगेच नकार दिला नाही. खाली गेली, त्या नऊ पायऱ्यांवर थोडा वेळ बसली आणि वर आली. थोरल्या दिराच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "दादा, त्या पायऱ्या करताना त्यांच्या हातात जोर नव्हता. तरी केल्या. धडधाकट असताना एकोणीस केल्या त्याचं मला कौतुक आहेच. पण या नऊ जास्त जड होत्या. त्या मी कशा पुसू?"

"आणि कोणी घसरलं तर?"

"मी उभी राहीन. हात देईन."

वरच्या तेरा पायऱ्या तिनं दोन वर्षांत पुऱ्या केल्या. लिंबाजीनं दोन वर्षं तिच्या शेजारी बसून पहार धरली. पहिल्या दिवशीच कपची उलटी उडून त्याच्या कपाळाला लागली, तेव्हा राहीनं त्याला मान कुठं वळवायची ते शिकवलं म्हणे. एवढा मोठा मेस्त्री, पण शिकला मुकाट्यानं. मग पूजा झाली, पाणी उपसलं आणि ओढ्याची वाट मोडली. झरा काही रुसला नाही. तुम्हीच बघा, अजून वाहतोय.

राही परत वस्तीवर गेली नाही. खैरदरीतच राहिली, म्हातारी झाली. रोज पाण्याच्या वेळेला ती या नऊ पायऱ्यांवर उभी असायची. उजवा हात भिंतीला, डावा पुढं. नव्या सुना पहिल्यांदा बिचकायच्या, तुम्ही बिचकलात तशाच. मग कोणीतरी त्यांना सांगायचं, ज्या हातानं ही बारव बांधली तो हात आहे, धर. ती गेल्यावर ती जागा रिकामी राहू नये म्हणून जो त्या वेळी पायरीवर असेल त्यानं हात द्यायचा, असं गावानंच ठरवून टाकलं.

आता एवढं ऐकलंत तर आणखी एक सांगतो, मग वर जाऊ.

आजही चैत्र संपत आला की पाणी खाली खाली जातं आणि वैशाखात चार-आठ दिवस तळाची पायरी उघडी पडते. तेव्हा त्या सालात ज्यांच्या घरचं माणूस दुखण्यानं गेलं असेल, त्यांना आम्ही खाली नेतो. नारळ नाही, हळद-कुंकू नाही, काही नाही. तळाच्या पायरीवर बसवतो आणि घावावर हात ठेवायला लावतो. तिथं दुखण्याचं नाव काढायचं नाही. कोणता डॉक्टर केला, शेवटी काय म्हणाला, हे सगळं वर बोलायचं. खाली फक्त माणूस धडधाकट असतानाचं काहीतरी एक सांगायचं. आठवेपर्यंत कोणी उठत नाही.

गेल्या वैशाखात आमच्या शिंप्याच्या शेवंताला आणली. बत्तिशीची बाई. नवरा सात-आठ महिने अंथरुणावर होता, पोटाचं दुखणं. ती पायरीवर हात ठेवून बसली, पण तोंडातून शब्द फुटेना. ऊन वरच्या पायरीवरून उतरून आमच्या पायाशी आलं. कोणी घाई केली नाही. शेवटी तिच्या चुलत सासूनं विचारलं, "काहीच आठवत नाही का गं?"

ती मान हलवून नाही म्हणाली. मग जरा वेळानं तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. म्हणाली, "झंपर शिवताना माप घ्यायला बायका यायच्या ना, तर हे लाजून भिंतीकडं तोंड करायचे आणि टेप माझ्याकडं द्यायचे. मी आकडे सांगायची. आणि एकदा मी मुद्दाम पाटलीणबाईचं माप सांगताना वीस इंच वाढवून सांगितलं. यांनी तसंच शिवलं. पाटलीणबाई ते घालून आल्या तर आत आणखी एक पाटलीणबाई मावली असती."

बोलता बोलता ती हसायला लागली. तिची चुलत सासू हसली, आम्ही सगळे हसलो. वर काठावर पाणी भरायला आलेल्या बायांनी वाकून विचारलं, "काय झालं, काय झालं?" आणि सांगणार कोण, सगळ्यांच्याच डोळ्यांना धार लागलेली. खालचं हसू भिंतीभिंतीनं चढत वर गेलं आणि बराच वेळ बारवेत घुमत राहिलं.